वाटूरचं ऊन

रुरकी
४ ऑगस्ट १९८६

ती. आत्याबाईंना उमाचा नमस्कार.

हे पत्र नंदावन्सं तुम्हाला वाचून दाखवत असतील. वन्सं, एक विनंती आहे. लिहिलंय ते सगळं वाचा. आईला राग येईल असं वाटून मधलं गाळू नका. राग यायचाच आहे, तो माझ्यावर येऊ द्या, तुमच्यावर नको.

मी सुखरूप पोचले. वसतिगृहात खोली मिळाली आहे. जेवण बरं असतं, पण भाकरी म्हणजे काय हे इथल्या स्वयंपाक्याला समजावता समजावता मी थकले. शेवटी नाद सोडला आणि पोळी खाल्ली.

आत्याबाई, वाटूर फाट्यावर एसटी सुटली तेव्हा तुम्ही पाठ फिरवून उभ्या होतात. मी खिडकीतून बघत होते. निरोपच द्यायचा नव्हता तर घरी बसायचं होतं की! उन्हातान्हात फाट्यापर्यंत चालत कशाला आलात? आदल्या रात्री तुम्ही वन्संना म्हणालात तेही मी ऐकलंय. "वर्षश्राद्धाची भांडी वाळली न्हाईत अन् ही निघाली पुस्तकं घेऊन." भिंती तुमच्या घराच्या पातळ आहेत.

मी पळून आलेली नाही. धर्मा गेला तेव्हा लोक म्हणाले, ऊन लागलं, नशीब. तुमचा लेक, माझा नवरा, वीज खात्यातला इंजिनिअर, बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस, एप्रिलच्या भर दुपारी लाइन तपासायला गेला आणि बांधावर पडला, यात नशीब कुठून आलं? ऊन वाढलं की तारा तापतात आणि लोंबतात. खांबांवरच्या डीपी जळतात. मग माणसांना नेमकं त्याच दुपारी खांबाखाली जावं लागतं. किती उन्हात तारेवर किती भार टाकायचा हे आपल्याकडे कुणी नीट मोजलेलंच नाही. धर्मा हे सारखं बोलायचा. मला ते मोजायचंय. इथे त्यासाठीच शिकायला आलेय.

म्हणून तर अंगणातल्या पेटीचं तुम्हाला बोलले होते. तुळशीच्या पलीकडे त्यानं चार खांबांवर ती झडपांची पांढरी पेटी बसवली, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "ह्यात काय कबुतरं ठेवतो का रे?" आतला पारा दिवसभरात जितका चढेल तिथेच अडकून बसतो. संध्याकाळी तो वाचायचा आणि झटका देऊन खाली उतरवायचा, हे त्यानं तुम्हाला शिकवलं. तुम्हाला अक्षरं येत नसली तरी आकडे येतात. मंठ्याच्या बाजारात तुम्हाला कुणी फसवू शकलेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा पत्ता घातलेल्या कार्डांचा गठ्ठा देवघराच्या कोनाड्यात ठेवून आलेय. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. आठवड्याचे आकडे कार्डावर लिहून पाठवा. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

तुमची,
उमा


रुरकी
१९ फेब्रुवारी १९८९

ती. आत्याबाईंना उमाचा नमस्कार.

बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल असं मी म्हणाले होते. तुम्ही ते फारच मनावर घेतलंत. अडीच वर्षं दर आठवड्याला कार्ड येतंय आणि त्यावर आकड्यांशिवाय एक टिंब नाही. इथला पोस्टमन मला परवा विचारत होता, "मॅडम, घरवाले मटका तो नहीं खेलते?" मी म्हटलं, माझ्या सासूबाई आहेत, रुसल्या आहेत, आणि रुसल्या तरी नेमानं पत्र पाठवतात. त्याला ते काही झेपलं नाही.

तुमचे आकडे मला पाठ होतात. चार काढताना तुम्ही शेपूट लांब ओढता. गेल्या पावसाळ्यात एका कार्डावरचे सगळे आकडे वाकडे आले होते, तेव्हा तुम्हाला ताप होता की काय म्हणून मी आठवडाभर बेचैन होते. पुढच्या कार्डावर आकडे सरळ झाले, तेव्हा धड जेवले.

दिवाळीत मी वाटूरला आले तर तुम्ही मंठ्याला भावाकडे निघून गेला होतात. वन्सं म्हणाल्या, "आईला अचानक काम निघालं." ऐन दिवाळीत काय काम निघतं हो? पण तुमच्या पलंगावर माझ्यासाठी नवी गोधडी घालून ठेवलेली होती. ती कुणी शिवली हे मी विचारलं नाही.

आनंदाची गोष्ट सांगायची म्हणजे माझा पहिला निबंध छापून आला. उन्हाळ्यात खेड्यांतल्या डीपी का जळतात, यावर आहे. त्यात वाटूरचे, म्हणजे तुमचे आकडे आहेत. नाव छापलंय ते असं: उमा, मधे धर्मराज, मग आडनाव. इंग्रजीत आहे, पण वन्सं नाव तरी दाखवतील. तेवढं बोट लावून बघा.

तुमची,
उमा


बंगलोर
१४ जून १९९२

ती. आत्याबाईंना उमाचा नमस्कार.

इथल्या कॉलेजात मला आता तीन वर्षं होतील. मुलं हुशार आहेत, आळशीही आहेत. बरं चाललंय.

आज मोठी बातमी आहे, म्हणून पत्र जरा लांबेल. वन्सं, पाणी पिऊन बसा.

तुमच्या कार्डांतून मला एक नवल सापडलं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वाटूरचा पारा आजूबाजूच्या ठिकाणांशी बरोबर जुळतो. पण ऊन तापायला लागलं की परभणी आणि औरंगाबाद वर चढत जातात आणि आपलं वाटूर चार-पाच अंशांनी खालीच राहतं. दरवर्षी हेच. यंत्र बिघडलं असतं तर बारा महिने बिघडलं असतं. मी महिनोन् महिने डोकं खाजवलं आणि मग कारण बसवलं. विहिरी वाढल्या, बागायत वाढली, ओल्या शेतांमुळे हवा थंड राहते. यावर माझे दोन निबंध आले. दुसऱ्याचं तर बाहेरच्या देशातल्या लोकांनी कौतुक केलं. आमचे प्रमुख, जे सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, ते मला म्हणाले की रीडरची वरची जागा निघतेय, अर्ज करा.

आणि त्याहून मोठं म्हणजे, खेड्यातल्या लाइनींवर उन्हाळ्यात किती भार टाकायचा हे ठरवायला एक समिती बसली आहे. ती माझा तक्ता घेणार आहे. वाटूरसारख्या थंड गावांत तारांवर जास्त वीज सोडता येईल. दुपारी पंप चालतील. धर्मा असता तर त्यानं पेढे वाटले असते, आणि वाटता वाटता निम्मे स्वतः खाल्ले असते.

समितीनं एकच गोष्ट विचारली आहे, गावाभोवती ओलिताखाली रान किती? वन्सं, आपल्या शिवारात ऊस कुणाकुणाचा आहे, उन्हाळी भुईमूग कुणाचा आहे, हे तेवढं लिहून कळवा. लवकर, अशी विनंती.

तुमची,
उमा


बंगलोर
९ ऑगस्ट १९९२

प्रिय नंदावन्सं,

या पाकिटात दोन कागद आहेत. पांढरा आत्याबाईंना वाचून दाखवा, त्यात पावसापाण्याची चौकशी आहे. हा पिवळा फक्त तुमच्यासाठी. मोठ्यानं वाचू नका. वाचून झाला की चुलीत घाला.

तुमचं पत्र आलं. ते माझ्यासमोरच आहे. तुम्ही लिहिलंय, "कुठला ऊस माय! प्यायला पाणी न्हाई अन् ऊस. सगळं शिवार कोरडवाहू हाय, मे महिन्यात नजर टाकावं तिकडं नुसतं ढेकूळ. पाणी पडून राह्यलं असंल तं ते आपल्याच अंगणात. आई उन्हाळाभर रोज दुपारी दोन घागरी पाणी पेटीभवती शिंपते अन् वरतून ओलं लुगडं टाकते. वाळलं की परत भिजवते. मी म्हणलं कशाला गं आई, तं म्हणली, त्याला ऊन लागंल."

मी हे वाचलं आणि आधी हसले. खरंच हसले, वन्सं. इथे बंगलोरात पंख्याखाली बसून मी तुमच्या ढेकळांत ऊस लावला, त्याला पाणी दिलं, त्यावर दोन निबंध लिहिले, आणि परदेशातल्या लोकांनी माना डोलावल्या. आणि खरं कारण काय, तर सासूबाईंचं लुगडं! सातव्या वर्गातल्या पोरालाही कळावं की ओल्या कापडाखाली पारा चढत नाही.

मग मला तो दिवस आठवला. धर्माला बैलगाडीतून आणलं तेव्हा आत्याबाईंनी अंगावरचं लुगडं सोडून आडावर भिजवलं आणि त्याला त्यात गुंडाळलं. वाळत होतं तसं भिजवत होत्या. तो गेल्यावरही भिजवत होत्या. तुम्हीच त्यांचे हात धरलेत. त्यानंतर माझं हसू थांबलं आणि मी वर्गावर गेले नाही.

सहा उन्हाळे त्या त्याला वाचवतायत, वन्सं. आणि मी त्याच्यावर आलेख काढत बसलेय.

आता करायचं काय? एका सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, गप्प बसा, वाटूरला जाऊन कोण बघणार आहे? कोणी बघणार नाही हे खरं. पण माझा तक्ता लागू झाला तर तापलेल्या तारांवर आणखी भार पडेल. मग कुठल्यातरी गावात तार लोंबेल, डीपी उडेल आणि दुसऱ्या कुणाचा तरी धर्मा भर दुपारी बांधावर जाईल. मी ज्यासाठी घर सोडलं त्याच्या उलट काम माझ्याच नावानं होईल. समितीला मी कालच तार केली. दोन्ही निबंध मागे घेतेय, आणि पहिल्या निबंधातले वाटूरचे आकडेही गाळतेय. "उन्हाळ्यात यंत्र ओलं ठेवलं जात होतं," एवढं एक वाक्य लिहिलं. का ठेवलं जात होतं, ते नाही लिहिलं. कुणी विचारलं तरी लिहिणार नाही.

आता तुमचं काम. आत्याबाईंना यातलं काही कळू देऊ नका. पाणी शिंपू नका असंही म्हणू नका. त्यांच्या हातून तेवढं एक काढून घ्यायचा मला काय हक्क आहे? त्यांना कळलं की आपल्यामुळे उमाचं काम वाया गेलं, तर त्या कार्ड पाठवायचं बंद करतील. वन्सं, इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. पण दर आठवड्याला माझा पत्ता असलेलं कार्ड त्या हातात धरतात, त्यावर आकडे काढतात आणि टपालपेटीत टाकायला तुम्हाला धाडतात. ते कार्ड आलं नाही तर माझं त्या घरात काही राहणार नाही. शास्त्राला आता त्या आकड्यांचा उपयोग नाही. मला आहे. येऊ द्या.

तुमची,
उमा


बंगलोर
२२ नोव्हेंबर १९९२

ती. आत्याबाईंना उमाचा नमस्कार.

दिवाळीचा फराळ पोचला. चकल्या प्रवासात मोडल्या, पण चव शाबूत होती. डब्यात चिठ्ठी नव्हती. मी शोधली. शेवेच्या खालीसुद्धा बघितलं.

इकडे सगळं ठीक आहे. रीडरची जागा दुसऱ्या एकाला मिळाली. बरंच झालं. त्या खोलीत पंखा नाही आणि शेजारी प्रमुख बसतात, दोन्ही सोसणं कठीण. माझ्या हिशोबात एक चूक निघाली म्हणून मागचे दोन निबंध परत घेतले आणि तसं छापून कळवलं. गंमत म्हणजे माझ्या कुठल्याच लिखाणाला आली नाहीत तेवढी पत्रं त्या एवढ्याशा दुरुस्तीला आली. कुणी लिहिलं, असं कबूल करायला धैर्य लागतं. धैर्य कसलं, रडून रडून डोळे सुजले होते. पण ते कुठे छापून येतं?

आणखी एक. परतूरच्या शाळेत मी दुसरी पेटी बसवून घेतली आहे. तिथले गुरुजी आकडे पाठवतात. तुम्ही रुसू नका, म्हणजे आणखी रुसू नका. एका गावावर विसंबू नये म्हणून केलंय. आपली पेटी आहे तशीच राहू द्या. कार्डं पाठवत राहा. कोऱ्या कार्डांचा नवा गठ्ठा सोबत धाडतेय.

यंदा थंडी लवकर पडली म्हणतात. पहाटे आडावर जाऊ नका. वन्सं कुरकुरल्या तरी त्यांना पाणी आणू द्या.

तुमची,
उमा


बंगलोर
३ मे १९९३

ती. आत्याबाई,

आज नमस्कार वगैरे काही सुचत नाही.

एप्रिलच्या पहिल्या कार्डावर आकडे चढलेले होते. मला वाटलं, यंदा ऊन लवकर तापलं. दुसऱ्या कार्डावर आणखी चढले. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. परतूरच्या गुरुजींचं पत्र उघडलं, त्यांचे आकडे तुमच्याशेजारी ठेवले, तर दोन्ही हातात हात घालून चाललेत. मी उठून उभी राहिले. शिपाई कांबळे म्हणून आहेत आमचे, ते घाबरून म्हणाले, बाई, काय झालं?

आणि आज हे कार्ड. बेचाळीस पूर्णांक आठ. त्या चारची शेपूट तुम्ही नेहमीसारखी लांब ओढली आहे. खाली वन्संच्या अक्षरात पहिल्यांदाच तुमचे शब्द. मी ते इतक्या वेळा वाचले की आता न बघता लिहू शकते.

"तुझा पिवळा कागद म्या तव्हाच नंदीकडून वाचून घेतल्ता. तिला खोटं बोलता येत न्हाई, तिचे कान लाल होतेत. तू त्याच्यापायी इतकी शिकली अन् म्या तुझं बिघडवलं. यंदा पेटीला पाणी घातलं न्हाई, लुगडं बी टाकलं न्हाई. आकडा बराबर हाय. पण दुपारी मला घरात बसवत न्हाई, अन् पेटीकडं बघवत बी न्हाई. तू ये."

म्हणजे ऑगस्टपासून तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी माझ्या 'हिशोबातल्या चुकी'बद्दल लिहिलं तेव्हाही ठाऊक होतं. थंडीभर तुम्ही गप्प राहिलात, आणि ऊन तापलं तेव्हा लुगडं दोरीवरच राहू दिलंत.

आत्याबाई, तुम्ही माझं काही बिघडवलेलं नाही. हे नीट ऐका. वन्सं, हे दोनदा वाचा. धर्माच्या पेटीला कुणी सावली केली, पाणी घातलं, याचा मला एक क्षणही राग आला नाही. मला हेवा वाटला. मी त्याच्यासाठी निबंध लिहीत होते, आणि तुम्ही उठून पाणी घालत होतात.

हा आकडा मी आता कुठल्याही समितीपुढे ठेवू शकते. सात वर्षं मला असा आकडा हवा होता. आज तो हातात आला आणि मी कांबळेंसमोर ढसाढसा रडले. बिचाऱ्यांनी चहा आणला, तो गार झाला. तो आकडा पाठवायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला कळतं. दुसरं कुणी सांगूनही तुम्ही ते केलं नसतं.

मी येतेय. परीक्षेचे पेपर तपासून शुक्रवारी निघते. जालन्याला माहेरी एक रात्रही थांबणार नाही, आईला तसं कळवलंय, ती फुगली तर फुगू दे. सोमवारी सकाळच्या एसटीनं वाटूर फाट्यावर उतरेन. तुम्ही उन्हात फाट्यावर येऊ नका. पाठ फिरवून उभं राहायचं असेल तर घरात उभ्या राहा, मी समोरून येईन.

दुपारी आपण दार लावून घेऊ. पेटी बाहेर उन्हात राहील, तिचं काम ती करील. आपण तिघी आत बसू. धर्मा लहानपणी कसा होता ते तुम्ही मला सांगा. माझ्या वाट्याला तो आला तो मिशा फुटलेला, त्याच्या आधीचा मला माहीत नाही. आणि त्या दिवशी सकाळी डबा घेताना तो मला काय म्हणाला, ते मी तुम्हाला सांगेन. ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही रडाल, मीही रडेन, वन्संचे कान लाल होतील. होऊ द्या.

तो जाऊन आठ वर्षं झाली, आत्याबाई. आपण दोघी अजून एकदाही त्याच्याबद्दल बोललेलो नाही.

तुमचीच,
उमा